नावाआधीचे ‘इंजि.’

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजातून तो सिव्हिलची पदवी घेऊन बाहेर पडला आहे आणि सहा महिन्यांपासून एका आरसीसी कन्सल्टंटकडे नोकरी करतो आहे. त्याचा प्रश्न सरळ होता. “मावशी, आमच्या ब्रँचला एनबीए आहे आणि भारत वॉशिंग्टन करारात आहे. म्हणजे माझी डिग्री कॅनडात चालणार ना?” नोट चालते, नाणे चालते, तशी पदवीही सीमेपलीकडे एक तर चालते किंवा चालत नाही, अशी त्याची समजूत होती. कॅनडात आले तेव्हा माझीही हीच समजूत होती आणि ती दुरुस्त व्हायला मला जवळजवळ तीन वर्षे लागली. फोनवर एवढे सगळे सांगणे शक्य नव्हते, म्हणून “लिहून पाठवते” असे म्हटले. तेच हे लिखाण.

आधी त्या कराराविषयी. वॉशिंग्टन करार १९८९ साली सहा देशांतील संस्थांनी केला. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे ते सहा देश. भारताच्या वतीने नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशन, म्हणजे आपण ज्याला नुसते एनबीए म्हणतो ती संस्था, २००७ पासून तात्पुरती सदस्य होती आणि १३ जून २०१४ रोजी तिला कायमचे सदस्यत्व मिळाले. त्या वेळी आपल्या इंजिनिअर मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांवर ‘आता आपली डिग्री अमेरिकेत मान्य’ असे संदेश फिरले आणि ते आजही फिरत असतात. त्यातली पहिली मेख अशी की हा करार मागच्या तारखेपासून लागू होत नाही, त्यामुळे माझ्यासारख्या २००१ साली पदवी घेतलेल्या व्यक्तीला त्याचा काडीचा उपयोग नाही. दुसरी मेख भाच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. एनबीएचे मानांकन कॉलेजला मिळत नाही, ते एकेका अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीपुरते मिळते. त्यातही दोन श्रेणी आहेत. स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग यांच्यासाठी टियर वन, तर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, म्हणजे ज्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठ ठरवते अशा कॉलेजांसाठी टियर टू. कराराच्या कक्षेत फक्त टियर वन येते. भाच्याचे कॉलेज संलग्न आहे. प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्या गेटवर ‘एनबीए मानांकित’ असा भलामोठा फलक होता आणि तो खोटाही नव्हता.

आणि समजा, त्याची पदवी कराराखाली आली असती, तरी काय झाले असते? हा करार एवढेच म्हणतो की अमुक अभ्यासक्रमाची शैक्षणिक पातळी आमच्या अभ्यासक्रमासारखीच आहे. तो अभ्यासक्रमाला ओळखतो, त्यातून बाहेर पडलेल्या माणसाला ओळखत नाही. कॅनडात इंजिनिअरचा परवाना देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे नाही. प्रत्येक प्रांताची स्वतंत्र नियामक संस्था आहे आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा. मी राहते त्या ऑन्टेरिओत हे काम प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑन्टेरिओ ही संस्था करते. आंतरराष्ट्रीय करारावर सही देशपातळीवरच्या संस्थेची असली तरी अर्जदाराला परवाना द्यायचा की नाही, हे प्रांतच ठरवतो. अमेरिकेतही असेच आहे. तिथे प्रत्येक राज्याचे मंडळ निराळे.

आपल्याकडे लग्नपत्रिकेत ‘चि. इंजि.’ छापतात, गल्लीतले लोक ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणून हाक मारतात आणि पदवी हातात आली की माणूस तहहयात इंजिनिअर होतो. मी २०१५ साली टोरांटोला आले तेव्हा पुण्यात छापून घेतलेली दोनशे व्हिजिटिंग कार्डे बॅगेत होती आणि त्यावर माझ्या नावाखाली ‘स्ट्रक्चरल इंजिनिअर’ असे लिहिलेले होते. पहिल्याच नोकरीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ते कार्ड हातात घेतले, वाचले आणि मला अतिशय सौजन्याने बाजूला नेऊन सांगितले की परवाना मिळेपर्यंत हे कोणाला देऊ नकोस, कारण या प्रांतात परवान्याशिवाय स्वतःला इंजिनिअर म्हणवणे हा कायद्याने गुन्हा आहे. डॉक्टर नसताना डॉक्टरची पाटी लावण्यासारखेच ते इथे मानले जाते. चौदा वर्षांचा अनुभव असलेली मी त्या दिवसापासून कागदोपत्री ‘इंजिनिअरिंग इंटर्न’ झाले. उरलेल्या कार्डांच्या कोऱ्या पाठीवर मी पुढे वर्षभर किराण्याच्या याद्या केल्या.

अर्जाला पहिल्यांदा लागले ते गुणपत्रक, आणि तेही विद्यापीठाने बंद पाकिटात थेट पाठवलेले. त्याबरोबर मी शिकलेल्या प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम हवा होता. माझा अभ्यासक्रम तोपर्यंत दोनदा बदलून गेला होता. दादाने त्यासाठी विद्यापीठाच्या चार खेपा केल्या. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असे सगळे रीतसर पार पडले. शेवटी जुन्या पॅटर्नचे पुस्तक विद्यापीठात नाही तर आमच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या माळ्यावर सापडले. त्याच्या झेरॉक्सवर पानोपानी शिक्का मारून घेताना दादाने तिथल्या क्लार्कला चहा पाजला, हे मी अर्जात अर्थातच नमूद केले नाही.

खरी अडचण मात्र अनुभवाच्या नोंदीत आली. मी अर्ज केला तेव्हा अनुभव पाच निकषांवर तपासला जाई: सिद्धांताचा वापर, प्रत्यक्ष कामाचे ज्ञान, कामाचे व्यवस्थापन, संवादकौशल्य आणि पाचवा, अभियांत्रिकीचे समाजावर होणारे परिणाम. प्रत्येक प्रकल्पाबद्दल मी स्वतः काय केले ते सविस्तर लिहायचे होते. मी चाळीस पाने लिहिली आणि ती माझ्याच त्या ज्येष्ठ सहकाऱ्याला वाचायला दिली. दोन दिवसांनी त्याने ती परत केली तेव्हा जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या क्रियापदाभोवती पेन्सिलीने वर्तुळ होते. “या इमारतीचे डिझाइन करण्यात आले, तपासणी करण्यात आली, नकाशे देण्यात आले,” असे सगळे मी इंग्रजीत लिहिले होते, पण विचार आपल्या सरकारी मराठीत केला होता. त्या ‘करण्यात आले’मध्ये कर्ताच नाही. त्याने समासात एकच प्रश्न लिहिला होता: हे कोणी केले?

मला त्याचे उत्तर पटकन देता येईना, कारण आमच्या पुण्याच्या ऑफिसात गणिते मी करत असे, ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत माझी आद्याक्षरे असत आणि सही सरांची असे. महापालिकेच्या दप्तरी लायसन्स त्यांच्या नावावर होते. परवान्याच्या अर्जाला पूर्वीच्या वरिष्ठांचे पत्र लागते म्हणून मी सरांना फोन केला, तेव्हा त्यांनी बराच वेळ टाळाटाळ केली आणि मग मनातले बोलले. “अगं, कोणत्या बिल्डिंगचं डिझाइन तू केलंस असं मी लेखी दिलं आणि उद्या तिथं काही झालं, तर ते तुझ्यावर येईल. माझ्यावरच राहू दे.” त्यात कपट नव्हते, वडीलधाऱ्या माणसाने घरातल्या मुलीला कोर्टकचेरीपासून दूर ठेवावे तशी ती माया होती. नंतर जे पत्र आले त्यात मी प्रामाणिक आणि कष्टाळू असून माझ्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा दिलेल्या होत्या. मी नेमके काय केले याचा त्यात एकही शब्द नव्हता. मी पुन्हा फोन केला, प्रश्नावली पाठवली, आणि तिसऱ्या खेपेला सरांनी सात इमारतींची यादी करून प्रत्येकीपुढे माझे काम लिहून दिले. ते पत्र आजही माझ्याकडे आहे.

कागद तपासून झाल्यावर मला चार तांत्रिक परीक्षा लागल्या. मात्र त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे पुरेसा अनुभव असलेल्या अर्जदाराला त्याआधी मुलाखतीला बोलावत आणि मुलाखत चांगली झाली तर परीक्षा माफ होत. शेपर्ड अव्हेन्यूवरच्या त्या कार्यालयात माझ्यासमोर माझ्याच शाखेचे परवानाधारक इंजिनिअर बसले होते. सुरुवातीला त्यांनी पंचिंग शिअर, म्हणजे कॉलम स्लॅबमधून आरपार घुसणे, विचारले, सॉफ्ट स्टोरी, म्हणजे इतरांपेक्षा कमकुवत मजला, विचारली आणि मग त्यांच्यापैकी एकाने विचारले की समाजावरच्या परिणामांविषयी तुम्ही लिहिले आहे ते एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणाने सांगा.

मी त्यांना रिंगांची, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळ्यांना बाहेरून बांधून ठेवणाऱ्या आडव्या सळ्यांची, गोष्ट सांगितली. मी शेवटच्या वर्षाला असताना, २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला होता आणि त्याआधी सुमारे सात वर्षे, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा झाला होता. किल्लारीत माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. भूज आणि अहमदाबादेत आरसीसीच्या इमारतीही पडल्या. पुणे भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येते आणि आमच्या सात मजली इमारतीला भारतीय मानक १३९२०, म्हणजे भूकंपात टिकण्यासाठी काँक्रीटमधल्या सळ्या कशा घालायच्या ते सांगणारे मानक, लागू होते. त्या मानकात कॉलमच्या रिंगेचे हुक १३५ अंशात आत वळवायचे आणि त्यापुढे सळईचा व्यासाच्या दहापट, पण किमान ७५ मिलिमीटर, तुकडा कॉलमच्या गाभ्यात सोडायचा असे सांगितले होते. साइटवर गेले तर सगळ्या रिंगा ९० अंशात. वरून पाहणाऱ्याला त्यात काहीच गैर दिसत नाही, कारण रिंग चौकोनी आणि नीटनेटकीच असते. पण भूकंपात बाहेरचे काँक्रीट फुटून पडले की ९० अंशाचा हुक उघडतो, रिंग सुटते आणि आतल्या उभ्या सळ्या फासळ्यांसारख्या बाहेर येतात. फिटर म्हणाला, “मॅडम, सळई जास्त जाते आणि हात दुखतो. आजवर कुठं कोणी बोललं नाही.” मी त्या दिवशी काँक्रीट होऊ दिले नाही. बिल्डरचा सरांना फोन गेला, सरांचा मला आला आणि दोन दिवसांनी रिंगा पुन्हा वाकवल्या गेल्या. मुलाखतीत मी कागद मागून घेऊन दोन्ही हुक काढून दाखवले. समोरच्यांपैकी एकाने विचारले, “काम थांबवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला होता?” मी म्हटले, कोणीच नाही. तो पहिल्यांदाच हसला. माझ्या चारही परीक्षा माफ झाल्या.

हा सगळा खटाटोप या देशात का करतात, याचे एक कारण क्वेबेकच्या पुलात आहे. सेंट लॉरेन्स नदीवरचा हा पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी, बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार गेले. त्यांपैकी ३३ जण कानावागे या मोहॉक मूलनिवाशांच्या वस्तीतले होते. पुलाचा मधला गाळा १६०० वरून १८०० फूट केला होता, पण वाढलेल्या वजनाची गणिते वेळेवर पुन्हा केली गेली नाहीत. अंतिम शब्द ज्याचा होता तो सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपर दुसऱ्या देशात, न्यूयॉर्कमध्ये बसून होता, आणि लोखंडी सांगाडा उभा राहू लागल्यापासून तो एकदाही साइटवर आला नव्हता. खालच्या दांड्यांना बाक आल्याचे पाहून साइटवरचा तरुण इंजिनिअर रेल्वेने न्यूयॉर्कला गेला, कूपरने तार केली, पण ती पेनसिल्व्हेनियातल्या कंपनीकडे; क्वेबेकात काम चालूच राहिले आणि त्याच संध्याकाळी पूल गेला. कॅनडात पदवी घेताना इंजिनिअरच्या करंगळीत लोखंडी अंगठी घालण्याचा विधी १९२५ पासून आहे. ती या पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते, असे लोक सांगतात. ते खरे नाही, पण अंगठी पाहिली की पूल आठवतो एवढे मात्र खरे. ऑन्टेरिओचा पहिला कायदा १९२२ चा आणि परवान्याची सक्ती १९३७ पासूनची.

परवाना आहे म्हणून इथे सगळे आलबेल आहे असे मात्र भाच्याने समजू नये. याच प्रांतातल्या एलियट लेक गावात २३ जून २०१२ रोजी एका मॉलचे छत कोसळून दोन स्त्रिया गेल्या. छतावर मोटारींचे पार्किंग होते, १९८० साली मॉल उघडल्यापासून ते गळत होते आणि हिवाळ्यात मोटारींबरोबर येणारे मिठाचे पाणी तीन दशके खालचे लोखंड खात होते. दरम्यान अनेक तपासण्या झाल्या आणि कोसळण्याच्या काही आठवडे आधीच्या अहवालातही इमारत ठीक असल्याचेच लिहिले होते. वाचताना मला मुंबईचा हिमालय पूल आठवला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा तो पादचारी पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी पडला; त्याच्याही ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्ती सुचवून पूल वापरण्याजोगा ठरवला होता. फरक पडझडीनंतरचा आहे. एलियट लेकनंतर न्यायमूर्तींच्या आयोगाने इंजिनिअरच्या कामाची पद्धतच तपासली, २०१४ साली अहवाल दिला आणि त्यातल्या शिफारशींच्या मागोमाग परवानाधारकांना दरवर्षी सततचे शिक्षण सक्तीचे करण्याची चर्चा सुरू झाली. ती सक्ती प्रत्यक्षात यायला २०२३ उजाडले, हेही सांगायला हवे. मुंबईत पोलीस केस झाली, अटक झाली, महापालिकेने कारवाई केली. पण ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरला जाब विचारणारे, त्याच्याच व्यवसायबंधूंचे असे कायद्याने स्थापलेले मंडळ आपल्याकडे नाहीच.

ही उणीव मला परदेशात आल्यावरच कळली. आपल्याकडे वकिलांचा कायदा १९६१ चा आहे, वास्तुविशारदांचा १९७२ चा, सनदी लेखापालांचा तर १९४९ चा. इंजिनिअरसाठी देशभर लागू असा कायदा नाही. गुजरातने भूजनंतर, २००६ साली, सिव्हिल इंजिनिअरपुरता स्वतःचा कायदा केला. एरवी आपल्याला लायसन्स देते ती महापालिका, आणि ते तिच्या हद्दीत नकाशावर सही करण्यापुरते. १९२० साली स्थापन झालेली कोलकात्याची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हा दर्जा देते आणि अनुभवी इंजिनिअरच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीच्या करारातही ती आहे, पण हा दर्जा ऐच्छिक आहे. तो नसला म्हणून कोणाचे काम अडत नाही, त्यामुळे तो घ्यायला फारसे कोणी जात नाही. परिणाम असा होतो की सीमेवर आपल्याकडे दाखवायला फक्त पदवी उरते आणि समोरचा देश तीच काट्यावर तोलतो. कुवेतने २०१८ साली इंजिनिअरच्या निवास परवान्यासाठी एनबीए मानांकनाची अट कडक केली, तेव्हा वीस-वीस वर्षे तिथे काम करणारे हजारो भारतीय अडकले. एनबीएची स्थापनाच १९९४ ची, त्यामुळे त्याआधी पदवी घेतलेल्याने ती अट कशी पुरी करावी, याला उत्तर नव्हते. त्यांच्या वीस वर्षांच्या कामाची नोंद ठेवणारी एखादी भारतीय नोंदवही असती, तर निदान तिच्यावर बोट ठेवून बोलता आले असते.

मला त्या वेळी आणखी एक अट होती: किमान बारा महिन्यांचा अनुभव कॅनडातला आणि परवानाधारकाच्या देखरेखीखालचा. परवाना नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून परवाना नाही, या चक्रात अडकून टॅक्सी चालवणारे आणि गोदामात खोकी उचलणारे इंजिनिअर मी जवळून पाहिले आहेत. ऑन्टेरिओने मे २०२३ मध्ये ही अट काढून टाकली आणि ते योग्यच झाले. तरीही माझे ते वर्ष फुकट गेले असे मी म्हणणार नाही. बर्फाचे वजन छतावर सारखे पसरत नाही, उंच भिंतीच्या आडोशाला त्याचा ढीग होतो आणि नेमका तिथला जॉइस्ट, म्हणजे छताची आडवी तुळई, वाकतो, हे पुण्यात मला कोण शिकवणार होते? कायदा आणि नीतिमत्तेची परीक्षाही याच काळात दिली. तिच्यातला एक प्रश्न असा होता की तुमचा इशारा मालकाने धुडकावला तर पुढे काय कराल. आमच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न कुठेच नव्हता.

परवाना २०१८ च्या मार्चमध्ये आला आणि त्याबरोबर रबरी शिक्का. गोल, माझे नाव, क्रमांक आणि प्रांताचे नाव असलेला. पहिल्यांदा तो उमटवला तो अगदीच साध्या कामावर. हॅमिल्टनमधल्या एका जुन्या घरात स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधली भिंत काढून तिथे लोखंडी तुळई टाकायची होती. असल्या तुळया मी पुण्यात झोपेत डिझाइन केल्या असत्या. त्या रात्री मात्र मी ते गणित तीनदा केले, तिसऱ्यांदा कागदावर हाताने, आणि सकाळी पुन्हा घरी जाऊन तुळईच्या दोन्ही टोकांखाली तळघरात नेमके काय आहे ते बॅटरी मारून पाहिले. एका टोकाखाली काहीच नव्हते. तिथे एक खांब आणि त्याला छोटा पाया वाढवला, मग सही केली, तारीख घातली आणि शिक्का मारला.

भाच्याला मी हे सगळे लिहिले आणि शेवटी एकच काम सांगितले. पदवी चालेल की नाही याची काळजी आत्ता सोड. स्वायत्त कॉलेजातून एमटेक करायचे की नाही तेही नंतर ठरव. आजपासून एक वही घाल. रोज साइटवर किंवा ऑफिसात तू जे काही ठरवलेस, तपासलेस, अडवलेस ते तारखेसह लिही आणि महिन्याअखेर तुझ्या सरांची त्यावर सही घे. ते कुरकुरतील, तू मागत राहा. चार वर्षांनी कुठल्याही देशाने विचारले तरी त्या वहीतून उत्तर निघेल.

परवा त्याने पहिल्या पानाचा फोटो पाठवला. अक्षर सुरेख आहे. वर तारीख, खाली साइटचे नाव आणि त्याखाली पहिले वाक्य: “दुसऱ्या स्लॅबच्या सळ्या व कव्हर तपासण्यात आले.”

मी त्या फोटोवर लाल वर्तुळ काढून परत पाठवला आहे. अजून उत्तर आलेले नाही.